न गळलेली मॅग्नोलिया

मॅग्नोलिया गळली नाही. घोटाळा इथूनच सुरू झाला.

क्रेनच्या दोन रुंद पट्ट्यांत पहुडलेली ती शंभर फुटी पांढरी बया गूज क्रीकच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरली. शाळेच्या बँडने राष्ट्रगीत एकदाचं संपवलं. ओपल आत्याने बाटली फोडली, तीही दुसऱ्या फटक्यात, कारण पहिल्या फटक्यात बाटलीऐवजी आत्याच खाडीत जायच्या बेतात होती. धक्क्यावर जमलेल्या सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. एकटी ग्वेन रुआर्क टॉर्च घेऊन जहाजाच्या पोटात उतरली. ज्या कारखान्यात हे जहाज नऊ वर्षं दुरुस्त होत होतं, त्याची ती मालकीण. खाली तिने चार पंप मांडून ठेवले होते आणि आता पाणी कुठून कुठून येतंय ते बघायचं होतं.

एक थेंब नव्हता.

पाहुण्यांना ही गोष्ट आनंदाची वाटली असती. त्यांची काय चूक? पण आमच्या खाडीवर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, की वर्षानुवर्षं शेडमध्ये सुकलेली लाकडी नाव पाण्यात घातली की गळते. गळायलाच हवी. फळ्या आकसलेल्या असतात. त्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना भिडतात आणि मग काही दिवसांनी गळणं आपसूक थांबतं. म्हणून सांध्यांत कापसाची वात ठोकायची ती बेताने, वर लांबी भरायची ती मऊ, आणि फुगायला जागा ठेवायची. जागा नाही ठेवली तर फळ्या फुगायच्या थोड्याच थांबतात! त्या आतल्या फासळ्यांवर रेटा देतात आणि फासळ्या मोडतात. जहाज एके काळी देशाच्या अध्यक्षांचं असलं म्हणून लाकडाला काय त्याचं?

ग्वेनने टॉर्च जवळ नेला. दोन फळ्यांच्या फटीतून पिवळट ओघळ आत आलेला होता. तिने खिशातला चाकू त्यावर आपटला. टणकन आवाज आला. एपॉक्सी. वाळला की दगड होणारा गोंद. पुढचा सांधा बघितला, तिथेही तेच. त्याच्या पुढे तेच.

"ग्वेन! अगं, वर ये ना! सिनेटरसाहेब फोटोसाठी ताटकळलेत!" शिडीवरून तिच्या भावाचे चकचकीत बूट खाली आले आणि मागोमाग डेरिल. "काय, गळतंय का फार?"

"नाही."

"वा!"

"वा काय, वा! एक थेंब नाहीये मेला. बघ इकडे. कुणी भरलं हे?"

डेरिल जिल्ह्याच्या कौन्सिलवर होता आणि पुढच्या वर्षी त्याला राज्याच्या विधानसभेत बसायचं होतं. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर कायम एक हसू चिकटवलेलं असायचं. पण बाळपण त्याचंही याच कारखान्यात गेलं होतं. त्याने ओघळावरून बोट फिरवलं आणि हसू गळून पडलं.

"तूच सांगितलंस ना कुणाला तरी?" ग्वेन म्हणाली. "मी म्हणत होते, आधी गुपचूप उतरवू, आठवडाभर काय गळायचं ते गळू दे, मग बोलवा सिनेटर. तर नाही! पंपसुद्धा तुला पताकांच्या मागे लपवायचे होते. लोकांसमोर पाणी दिसायला नको ना तुला?"

"आईची शपथ, मी नाही! अगं, मला पताका लावता येतात. सांधे भरायला मी आयुष्यात शिकलो नाही, हे तूच चारचौघांत सांगतेस."

हे मात्र खरं होतं. तेवढ्यात पुढच्या बाजूला कुठेतरी बारीकसं टक् झालं. दोघांनीही ते ऐकलं.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" डेरिलने विचारलं.

"आत्ता उचललं तर वाचेल. रात्रभर राहिलं तर पाच-दहा फासळ्या तरी जातील. चार दिवस राहिलं तर मग काय, म्युझियमने त्याची बाकडी करावीत."

"म्युझियमने," डेरिल हळूच म्हणाला. "केक कापला की देणगीच्या कागदांवर सह्या आहेत, ग्वेन. सह्या झाल्या की जहाज त्यांचं."

"त्यांचं म्हणजे कुणाचं रे? टेसचं! माझ्या पोरीचं! तिथे नोकरीला आहे ना ती! वर्षभर तिथल्या साहेबांशी भांडून तिने हे जहाज मागून घेतलंय. उद्या ते मोडलं की पहिली तीच घरी बसेल."

डेरिलला भाचीवर माया होती. पण त्याला विधानसभेवरही माया होती. तो "बघू" म्हणाला आणि शिडी चढून निघून गेला.

धक्क्यावर ओपल आत्या रंगात आली होती. अग्निशमन दलाच्या बायका तव्यावरून खेकड्यांच्या वड्या उतरवत होत्या. पातळ थरांच्या केकवरच्या माश्या रुमालाने वारायचं काम आत्याने स्वतःकडे घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने म्युझियमचे संचालक मिस्टर पेल्हॅम यांना धरून ठेवलं होतं. मॅग्नोलियाचा इतिहास ऐकल्याशिवाय आत्या कुणाला केक देत नसे.

इतिहास होताही तसा झकास. त्या जहाजावर चार अध्यक्ष बसले. एकाला बोट लागायची, तो धक्क्याला बांधलेल्या जहाजावर बसून मासे पकडायचा. एक बायकोशी भांडण झालं की तिथेच मुक्कामाला जायचा. मग एक काटकसरी अध्यक्ष आला आणि त्याने ते विकून टाकलं. पुढे लोकांनी त्यावर लग्नं लावली, मग खानावळ काढली, आणि शेवटी चिखलात रुतलेल्या मॅग्नोलियावर मासेमार घारींनी घरटी केली. कागदोपत्री त्या घारींना हुसकायला बंदी होती. देशाच्या अध्यक्षांना हुसकता आलं, घारींना नाही. त्या पिल्लांसकट उडून जाईपर्यंत रुआर्कांना थांबावं लागलं होतं.

"आणि दुरुस्तीला ती पहिल्यांदा आली ती आमच्याच बाबांकडे," आत्या सांगत होती. "मी एवढीशी होते. पाण्यात उतरवली तेव्हा अध्यक्ष स्वतः आले होते. बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, रुआर्क, तुझ्यासारखा कारागीर या देशात नाही!"

"कुठले अध्यक्ष?" पेल्हॅमनी विचारलं.

"त्यांचं नाव आमच्या घरात घेत नाहीत," आत्या म्हणाली. पेल्हॅमना वाटलं आदरापोटी.

डेरिलने येऊन तिला बाजूला घेतलं आणि कानात सगळं सांगितलं. आत्याच्या हातातला केकचा रुमाल थांबला. डेरिलला वाटलं ती हाय खाईल, ओरडेल. ती फक्त इकडेतिकडे बघून म्हणाली, "दडपून टाक."

"आत्या?"

"सह्या होऊ देत. मग बघू. पोरीला काय, दुसरी नोकरी मिळेल."

इतक्या लवकर आपल्या बाजूला कुणी आलं की राजकारणी माणूस सावध होतो. "तुला ठाऊक आहे कुणी केलंय ते," डेरिल म्हणाला.

ठाऊक असणारच. ओपल आणि तिचा भाऊ वेंडल, म्हणजे ग्वेन-डेरिलचे वडील, दोघांचीही जोडीदार माणसं गेल्यापासून एकाच घरात राहत होती. आणि गेल्या हिवाळ्यात कुणाचे हातमोजे पिवळ्या चिकट गोंदाने कडक झाले होते, ते तिने कितीदा रॉकेलमध्ये भिजत घातले होते, हे फक्त तिला माहीत होतं. तिने तेव्हा एका शब्दानेही विचारलं नाही. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. तळाचे सांधे घरातला सर्वांत वयस्क रुआर्क भरतो, एकटा भरतो, आणि त्याच्या कामावर कुणी नजर टाकत नाही. टाकली तर तो अपमान. ग्वेनने नऊ वर्षांत त्या जहाजाचा खिळा न् खिळा तपासला होता, फक्त तळाचे सांधे सोडून. ते डॅडींचे होते. डॅडी असं करतील हे मघाशी तिच्या मनात आलं नव्हतं; पण आता दुसरं नाव उरलं नव्हतं.

जहाजाच्या दिवाणखान्यात, जिथे सायंकाळी सह्या व्हायच्या होत्या, तिथे वेंडल रुआर्क आधीच जाऊन बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, अंगात चर्चला जायचा कोट, तळवे गुडघ्यांवर. ग्वेन दार लोटून आत आली. मागून डेरिल आला आणि त्याच्या मागून आत्या, रुमालासकट.

"डॅडी," ग्वेन म्हणाली. तिने चाकूने खरवडलेला पिवळा तुकडा टेबलावर ठेवला.

वेंडलने तो उचलला, निरखला. "चांगली बसलीये," तो म्हणाला.

"डॅडी!"

"काम म्हणून सांगतोय. चांगली बसलीये."

"अहो, तुम्ही मला शिकवलंत ना! जागा ठेव, जागा ठेव म्हणून माझं डोकं खाल्लंत. सात वर्षांची होते मी. एकदा कापूस जास्त ठोकला म्हणून तुम्ही मला जेवण दिलं नव्हतंत!"

"दिलं होतं. ओपलने दिलं होतं."

"विषय बदलू नका! का केलंत?"

वेंडलने बहिणीकडे बघितलं. "ओपल, तू त्या माणसाला काय सांगत होतीस गं मघाशी? बाबांचा हात हातात घेतला म्हणून?"

"वेंडल, गप्प बस," आत्या म्हणाली.

"पोरांना खरं सांग."

"मी नाही सांगणार. सत्तर वर्षं मेहनत केलीये मी त्या गोष्टीवर."

"मग मी सांगतो. जहाज पाण्यात उतरवलं. बाबांनी सांगितलं होतं, साहेब, आठवडाभर पाय ठेवू नका. पण ते पडले अध्यक्ष. त्यांना घाई. याच खोलीत आले. गालिच्यातून पाणी वर आलं आणि साहेबांचे मोजे भिजले. साहेब हसले. म्हणाले, रुआर्कांनी मला बोट नाही, न्हाणीघर दिलंय. बरोबरची सगळी हसली. पेपरात आलं. आणि बाबा हातात टोपी धरून उभे. बाबांचं काम बरोबर होतं, ग्वेन! शंभर टक्के बरोबर. आठवड्याने ती चाळणी ठणठणीत झाली. ते बघायला कोण आलं? कुणी नाही. पुन्हा सरकारी काम आलं नाही. मला शाळेत न्हाणीघर म्हणायचे." त्याने तुकडा खाली ठेवला. "या वेळी लोक येणार होते. बँड येणार होता. म्हटलं, एक दिवस. एकच दिवस तिने कोरडं राहावं. रात्री सगळे गेले की उचलून, मी एकटा सगळं उकरून काढणार होतो."

"एकटे? शंभर फूट?" डेरिल म्हणाला. "डॅडी, तुम्हाला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला ओपल आत्या लागते."

रागाने ग्वेनचे कान तापले होते आणि त्याच वेळी बापाकडे बघवत नव्हतं. तिला वाटलं, जाऊ दे. होऊ देत सह्या. मोडू दे काय मोडायचं ते. मी पुन्हा बांधीन, पण या माणसाला आज बाहेर त्या लोकांसमोर उभं करायचं नाही. मघापासून सत्याची बाजू लावून धरणारी हीच बाई! आणि नेमका तेव्हाच दरवाजा उघडून टेस आत आली.

"इथे काय चाललंय? पेल्हॅम पेन शोधतायत. आणि तळ कोरडा आहे म्हणून खाली एक जण टाळ्या वाजवतोय. आई, तळ कोरडा कसा?"

पोरगी शेवटी रुआर्कांचीच. आत्या म्हणाली, "देवाची कृपा, बाळा."

टेसने मामाकडे वळून विचारलं, "मामा?"

डेरिलला आयुष्यात खोटं बोलायला कधी अडचण आली नव्हती. पण या पोरीला त्यानेच सायकल शिकवली होती, आणि मागून धरलंय असं सांगून हात सोडला होता, तेव्हा ती दात पाडून घरी गेली होती. "एपॉक्सी आहे," तो म्हणाला. "आजोबांनी भरलीये. फुगायला जागा नाही."

"डेरिल!" दोन्ही बायका एकदम ओरडल्या.

टेसने टेबलावरचा तुकडा बघितला, आजोबांकडे बघितलं, आणि आजोबांवर एक शब्द वाया घालवला नाही. "क्रेनवाल्याला सांगा, पट्टे ताणा. आत्ता."

"आणि लोकांना काय सांगायचं?" आत्याने विचारलं.

"ते मामाचं काम. तो दुसरं करतोच काय?"

डेरिलने ते काम असं केलं, की ज्याचं नाव ते. ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून त्याने गळा दाटून आणला. रुआर्क घराण्याची जुनी रीत आहे, तो म्हणाला. अध्यक्षांच्या बोटीला पहिल्या दिवशी फक्त पाणी दाखवायचं. पाण्याची आणि लाकडाची ओळख करून द्यायची. मग तिला पुन्हा माहेरी न्यायचं आणि वसंतात वाजतगाजत सासरी धाडायचं. लोकांना ते इतकं पटलं, की दोन-तीन म्हाताऱ्यांना असा प्रसंग लहानपणी बघितल्याचं आठवलंसुद्धा. क्रेन घरघरली, पट्टे ताणले गेले. सिनेटरसाहेबांनी डोळे पुसले. बँडमास्तरांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी राष्ट्रगीत पुन्हा घेतलं.

पेल्हॅम मात्र इतिहासाचे माणूस. ते पहिल्या रांगेत बसलेल्या वेंडलकडे वाकले. "फार सुंदर रीत आहे, मिस्टर रुआर्क. आम्ही जहाजाशेजारच्या पाटीवर लिहू. किती जुनी म्हणायची?"

बाकीचे चारही रुआर्क श्वास धरून बसले. म्हाताऱ्याने नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्याच्या बापावर कुणी हसलं होतं हे जगात कुणालाच कळलं नसतं, आणि तो स्वतः काय करून बसला हेही नाही. ओपलने त्याची बाही धरली.

"आज जेवणानंतर सुरू झाली," वेंडल म्हणाला.

पेल्हॅम हसले. मागचेही हसले. म्हातारा मिश्कील आहे, असं कुणीतरी म्हणालं. वेंडल उठला. बाही सोडवून घ्यायला त्याला थोडा वेळ लागला.

"रीतबीत काही नाही. तळाचे सांधे मी दगडासारखे बुजवलेत. तुम्ही हसाल म्हणून. जहाज गळायला हवं होतं, ते मी गळू दिलं नाही. आणखी दोन दिवसांत मोडलं असतं. माझ्या मुलीला माहीत नव्हतं. तिच्या मुलीलाही नाही. मुलाला आज कळलं, आणि त्याने लगेच भाषण केलं, तो तसाच आहे."

आता कुणी हसलं नाही. नुसती क्रेन घरघरत होती आणि मॅग्नोलियाच्या पोटावरून पाणी निथळत होतं. पेल्हॅमनी पेन खिशात घातलं. "टेस," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मला वाटतं, मंडळाने या देणगीचा नव्याने विचार करावा. उद्या हे जहाज पाहुण्यांसमोर गळलं तर..."

"गळेलच," टेस म्हणाली. "वसंतात उतरवू तेव्हा गळेल, आणि मी स्वतः आत उभी राहीन. तेव्हा गळलं नाही, तर मात्र मी ते घेणार नाही. तुम्हाला माझ्या जागी दुसरं कुणी आणायचं असेल तर खुशाल आणा. पण त्यालाही हेच सांगावं लागेल."

पेल्हॅमनी निथळणाऱ्या जहाजाकडे बघितलं. मग त्यांनी केक मागितला. आमच्याकडे याला होकार समजतात.

उन्हं कलली तशी माणसं पांगली. डेरिल सिनेटरांना गाडीपर्यंत सोडायला गेला तो बराच वेळ परत आला नाही. मॅग्नोलिया शेडमध्ये टेकूंवर चढली. ग्वेन सांधे उकरायची आकडी घेऊन तिच्या तळाखाली आली तेव्हा वेंडल आधीच तिथे होता. चर्चचा कोट खुंटीला, आणि स्वतः उलट्या बादलीवर बसून पहिल्या सांध्यातली एपॉक्सी उकरत होता. आकडी सांध्यातून जराही घसरत नव्हती.

"उठा," ग्वेन म्हणाली.

तो उठला नाही.

"डॅडी, इथून पुढे तुम्ही तळाखाली एकटे बसायचं नाही. तुमचा प्रत्येक सांधा मी बघणार. हात लावून बघणार. अपमान वाटला तर वाटू दे."

वेंडलने बोटभर उकरलेला कठीण तुकडा जमिनीवर टाकला. ग्वेनला वाटलं आता आकडी फेकून घरी जाईल. ती तशीच उभी होती, जायला निघाला तर अडवायचं की नाही हे तिचं ठरलं नव्हतं.

मग त्याने बाजूची दुसरी बादली पायाने ओढली आणि उलटी केली.

"डाव्या अंगाला बस," तो म्हणाला. "उजव्या कानाने मला काही ऐकू येत नाही."